सहीपुरती जागा

लहानू गेल्याची बातमी मला समन्सने कळली. आठवडाभर पालघरला प्रशिक्षणाला होतो. परत आलो, टेबलावर साचलेलं टपाल उपसायला घेतलं, तर बजावणी न होता परत आलेल्या समन्सांच्या गठ्ठ्यात एकाच्या पाठीवर हवालदाराचा शेरा होता, ‘साक्षीदार मयत. सबब समन्स परत.’ उलटून नाव वाचलं... लहानू कामडी, प्राथमिक शिक्षक, राहणार पोशेरा. अक्षर माझंच होतं, कारण कोर्टात समन्स लिहायचं काम माझंच. छातीत कळ आली म्हणून त्याला नाशिकला नेत होते, घाटातच गेला. त्याच्या फोनला कुलूप, वहिनींना माझा नंबर पाठ नाही, कळवणार कोण! शेजारच्या टेबलावरून विचारणा झाली, “काय हो, शेरा बरोबर नाही का?” बरोबर आहे म्हटलं आणि कागद फाइलला लावला.

आश्रमशाळेत आम्ही दोघं एका सतरंजीवर झोपलेले. पुढे तो मास्तर झाला, मी कोर्टात चिकटलो. त्याच्या शाळेत सकाळी पोरं संविधानाची उद्देशिका म्हणायची. एकदा मी पाहुणा म्हणून गेलो, तर या पठ्ठ्याने ‘न्याय’ शब्दावर पोरांना थांबवलं. “न्याय कुठं मिळतो रे?” “कोर्टात!” “आणि कोर्टात कोण असतं?” सगळा वर्ग ओरडला, “सदूकाका!” मला हसू आवरेना. आज ते आठवलं की तोंड कडू होतं. परीक्षेला बसणाऱ्या प्रत्येक पोराला तो एकच बजावायचा, आधी नीट वाचा, मग पेन उचला. आणि आयुष्यात एकदाच त्याने स्वतः न वाचता पेन उचललं.

सात वर्षं झाली. शाळेचं कुलूप कोणी फोडलं म्हणून तो तक्रार द्यायला पोलीस ठाण्यात गेला होता. कुठल्या ठाण्यात ते लिहीत नाही, माझी नोकरी अजून शिल्लक आहे. हवालदार म्हणाला, “गुरुजी, बरे भेटलात. पंच म्हणून सरकारी माणूस हवा होता. एवढी सही टाका.” मास्तर माणूस, दिवसभर हजेरीपासून खिचडीच्या नोंदवहीपर्यंत सह्याच करत असतो. ओट्यावर दोन पोती पडलेली त्याने पाहिली, सही टाकली, एसटी गाठली. त्या कागदात लिहिलं होतं की साखरशेतपलीकडच्या पाड्यावरच्या जानकी या अंगणवाडी मदतनीस बाईच्या घराची झडती त्याच्या डोळ्यांसमोर झाली आणि पोषण आहाराची चोरलेली दोन पोती तिथे सापडली. महिन्याभराने जानकी शाळेच्या दारात उभी राहिली. रडली नाही, भांडली नाही. एवढंच विचारलं, “गुरुजी, तुमी माझ्या घरात कंदी आलतात?”

तिची नोकरी गेलीच होती. पण आमच्या भागात लेकरांच्या तोंडचा घास काढल्याचा आळ खुनापेक्षा जड. कुपोषणाने गेलेली वावर-वांगणीची लेकरं इथे अजून कोणी विसरलेलं नाही. पाणवठ्यावर बायका तिची घागर आपल्या घागरीला लागू देत नव्हत्या. लहानू थेट माझ्याकडे आला. “सद्या, मी खोटं लिहून दिलं रे. आत्ता खरं लिहून देतो, सही करतो, कुठं द्यायचं सांग.” मी कायदा जाणणारा ना! मी म्हणालो, “खुळा आहेस का? कोर्टाबाहेर आता एकाही कागदावर सही करू नकोस. नोकरीवर गदा येईल आणि त्या कागदाला किंमतही राहणार नाही. तुला साक्षीला बोलावतील. पिंजऱ्यात उभा राहा, शपथ घे, तिच्यासमोर सांग. उलटतपासात टिकलं की तेच खरं.” यातलं एक अक्षर खोटं नव्हतं. ओट्यावर कुजबुजलेल्या गोष्टीवर कोणाला दोषी ठरवू नये, सोडूही नये, म्हणूनच तो नियम आहे. नियमावर माझा राग नाही. पण न्यायाधीश साहेब, सरकारी वकील, आरोपी आणि साक्षीदार या चौघांनी एका दिवशी एका खोलीत असावं लागतं, आणि तेवढं आम्हाला सात वर्षांत जमलं नाही.

दर तारखेला लहानू पांढरा सदरा घालून यायचा. साहेब रजेवर, सरकारी वकील दुसऱ्या कोर्टात, वकिलांचा बहिष्कार... एकदा तर मूळ पंचनामाच सापडेना, आणि तो सांभाळायचं काम माझं होतं. लहानू बाकाच्या एका टोकाला, जानकी दुसऱ्या टोकाला. दुपारी ती नागलीची भाकर सोडायची आणि अर्धी त्याच्याकडे सरकवायची. “एकच वाक्य सांगायचंय रे सद्या,” तो जाताना म्हणायचा, “एका वाक्याला किती वर्षं लागतात तुमच्यात?” मी पुढची तारीख लिहून द्यायचो.

तो गेल्यावर मात्र पुढच्याच तारखेला सगळे हजर. दुसरा पंच कधीचा परागंदा, तेव्हा तपास करणाऱ्या अंमलदारालाच विचारलं, ही पंचाची सही आहे का? “आहे. झडतीच्या जागी, माझ्यासमोर केली,” तो शपथेवर म्हणाला. जानकीच्या वकिलाने आरडाओरडा केला, पण खोडून काढायला माणूस कुठे होता? साहेबांनी पंचनामा पुराव्यात दाखल करून घेतला आणि त्यावर निशाणी क्रमांक मी घातला. माझ्या या हाताने. लाज वाटते लिहायला.

परवा पोशेऱ्याला गेलो. वहिनींनी खुंटीवरची कापडी पिशवी काढून दिली. लहानू ती तारखेलाच न्यायचा. आत जुनी समन्सं आणि घडी घातलेला फुलस्केप. फळ्यावर लिहावं तसं टपोरं अक्षर, ‘मी जानकीबाईंच्या घरी कधीही गेलो नाही. मी ठाण्याच्या ओट्यावर न वाचता सही केली.’ बाकावर बसून पाठ करत असणार. धावत तो कागद जानकीच्या वकिलाकडे नेला. सरकारने दिलेला तरुण वकील, भला माणूस. त्याने वाचला, उलटला, परत सुलटला. “अहो, मेलेल्या माणसाचं लेखी म्हणणं काही वेळा चालतं. पण सही कुठाय?”

जानकी शेजारीच उभी होती. “गुरुजींनी सही का नाय केली, भाऊसाहेब?”

“मी नको म्हणालो होतो.”

तिने पदर खोचला आणि पुढली तारीख विचारली. मी सांगितली.

कागद आता माझ्या टेबलाच्या खणात आहे. मजकुराखाली उजव्या हाताला लहानूने सहीपुरती जागा सोडली आहे.