काकांच्या नोंदींचं शेवटचं पान

मित्रांनो, हातातलं काम अर्धवट ठेवून हे लिहितोय.

मी मानवतला एका जिनिंगमध्ये कॉम्प्युटर सांभाळतो. आमच्या कापसाच्या गाठींची नोंद ब्लॉकचेनवर होते, म्हणजे एकदा लिहिलेलं कुणाला बदलता येत नाही. मागच्या महिन्यात कापसाची प्रत ठरवणारे आमचे ग्रेडर काका वारले. आज त्यांचं खातं बंद करायचं होतं, म्हणून आधी त्यांच्या जुन्या नोंदी उतरवून घेत होतो.

सर्व्हर नोंदी पानापानाने देतो. पुढे आणखी असतील तर पानाखाली एक खूण येते. खूण नसली की संपलं.

काका गेले त्या आठवड्याचं पान आलं. तरीही खाली खूण होती.

पुढचं पान मागवलं. त्यावर एकच नोंद, आज सकाळची: ‘शरणार्थ’. लिंगायतांचा हा नमस्कार काका रोज कामाआधी लिहायचे. आणि नोंदीवर लागणारी त्यांची सही फक्त त्यांच्या मोबाईलवरूनच होते.

काकूंना फोन लावला. "काकू, काकांचा मोबाईल कुणाकडं हाय?"

"कुणाकडं असंल बाबा? समाधी दिली, मातीत बसवलं तवा त्येंच्या मांडीवरच ठेवला की. लय जीव होता त्येच्यावर."

मालक बाहेरून ओरडायलेत, "झालं का रे? गेलेल्या माणसाचं खातं बंद करायला एवढा वेळ लागतो व्हय?"

या पानाखालीही खूण आहे. तुम्ही पुढचं पान मागवलं असतं का?