विसाव्याचं साल

दिवाळीच्या सुटीत नेमगिरीची लेणी पाहायचीच, असं मी शाळाभर सांगत सुटलो होतो. गोष्ट सत्तरच्या दशकातली. परभणीच्या एका शाळेत मी नवा मास्तर, लग्न व्हायचं होतं आणि पायाला भिंगरी होती. आमचा शिपाई मारोती हे सगळं ऐकून होता. सुटी लागायच्या आदल्या दिवशी म्हणाला, जिंतूरपर्यंत येताच आहात तर पुढं आमच्या वाडीला या. त्याची माणसं आंध समाजाची, डोंगराच्या कडेला पिढ्यान्‌पिढ्या जमीन कसणारी. पण सातबाऱ्यावर नाव एकाचंही नव्हतं, कागदोपत्री ते सगळं सरकारी जंगल. आता अशा जमिनी कसणाऱ्यांच्या नावावर होणार होत्या आणि पाहणीला साहेब येणार होते. लिहिता-वाचता येणारं आपलं एक माणूस जवळ असावं, एवढंच त्याचं म्हणणं. माझ्या अक्षराचं शाळेत कौतुक होतं, त्यामुळे मी लगेच फुगलो.

सकाळची एसटी धरली. खिडकीजवळ बसलो ही चूकच झाली, काच वर सरकेना आणि जिंतूर येईतो मी धुळीने पिठाच्या गिरणीतून आल्यासारखा दिसत होतो. लेणी मात्र सुरेख. तुम्ही जाणार असाल तर पाणी सोबत न्या आणि ऊन चढायच्या आत जा. परत येऊन स्टँडजवळ भजी आणि गोड, उकळून काळा झालेला चहा घेतला. दुपारच्या गाडीने फाट्यावर उतरलो. तिथून दोन तास पायी. रस्ता म्हणावा असं काही नव्हतं, बैलगाडीची चाकोरी होती आणि दोन्हीकडे सागाची विरळ झाडं.

मारोती शाळेच्या राखणीला मागे राहिला होता. त्याचे वडील ग्यानबा वाडीच्या तोंडाशीच उभे होते. सत्तरीचे असतील, काटक, डोक्याला मळकं मुंडासं. पाणी पाजलं आणि बसूही न देता मला जमीन दाखवायला घेऊन गेले. शेजाऱ्यांच्या पट्ट्यांत कापूस फुटला होता, तूर फुलावर होती. ग्यानबांच्या पट्ट्यात गुडघाभर गवत होतं, कडेला बांधावर पळसाची फांदी रोवलेली. मी विचारलं तर त्यांनी समजावलं. दोन साल पीक घेतलं की तिसऱ्या साली जमीन सोडायची. वाडीतल्या प्रत्येकाची पाळी वेगळी, यंदा एकट्या ग्यानबांची. फांदी रोवली की त्या पट्ट्यात नांगर नाही, विळा नाही, दिवाळीनंतर सगळ्या वाडीची गुरं तिथं चरणार. म्हणून या उतारावरची माती अजून जागेवर होती. त्यांनी गवत बाजूला सारून मूठभर माती माझ्या हातावर ठेवली. काळीभोर, ओलसर.

"इसावा घ्यायलीय ती," ते म्हणाले.

मी भारावून गेलो. उद्या काय होणार हे तेव्हाच माझ्या ध्यानात यायला हवं होतं. मी शिकलेला होतो, ते नव्हते. पण मला त्या गवताच्या सोनेरी रंगावर शाळेत काय सांगता येईल हेच सुचत होतं. अंबाडीची भाजी आणि ज्वारीची भाकरी असा जेवलो की विचारू नका, आणि निवांत झोपलो.

दुसऱ्या दिवशी साहेब आले. माणूस वाईट नव्हता. चालून दमला होता आणि लिहिणारा कारकून तापाने पडल्यामुळे वैतागला होता. माझं अक्षर पाहून खूश झाला, पंचनामे मलाच लिहायला बसवलं. कापूस, तूर, ज्वारी; एकेक नाव मी रकान्यात झोकात उतरवत गेलो. मग ग्यानबांची पाळी आली. त्यांना वाटत होतं, अख्ख्या वाडीत आपली जमीन सगळ्यात नीट राखलेली आहे, साहेबाला ती बघून बरं वाटेल. ते पुढं पुढं चालत होते.

साहेब गवताकडे पाहून म्हणाले, "ही तर पडीक आहे."

ग्यानबांनी आनंदाने सगळं सांगितलं, फांदी दाखवली. साहेबांनी ऐकून घेतलं. मी विचारलं, हे शेऱ्यात लिहू का. ते म्हणाले, शेऱ्याला रकाना नाही. आज जमिनीवर जे दिसतं तेवढंच लिहायचं. मी लिहिलं. पीक: नाही. जमीन: पडीक.

अंगठा उठवण्याआधी ग्यानबांनी मला विचारलं, "गुर्जी, यंदा इसावा हाय म्हून लिवलं न्हवं?"

साहेब शेजारी उभे होते. उगाच वाद नको, पुढे कुणीतरी नीट करेलच, असं मला वाटलं. मी म्हणालो, "हो."

वाडीतल्या बाकीच्या जमिनी झाल्या नावावर. ग्यानबांची ओसाड ठरली आणि झाडं लावायला जंगलखात्याकडे गेली. पुढच्या पावसाळ्याच्या तोंडाला मारोती गावाहून परत आला आणि नेहमीसारखी वर्गात पाण्याची घागर भरून ठेवू लागला. मीच विचारलं. तो म्हणाला, बाप बी घेऊन पेरायला गेला होता. उतारावर चर खणले होते, बाहेरची रोपं लावली होती, तारेचं कुंपण घातलं होतं. पळसाची फांदी चराच्या मातीत पडली होती. तिथल्या माणसांशी ग्यानबा भांडले नाहीत. कागद बघा म्हणाले, त्यात लिहिलेलं आहे.

मारोती घागरीवर झाकण ठेवत म्हणाला, "बाप म्हनायलाय, गुर्जीला इचार. त्यांनीच लिवलंय, त्यांना म्हाईत हाय."

लेण्यांतली एकही मूर्ती आता मला धड आठवत नाही. त्या मातीचा ओलावा मात्र हाताला अजून कळतो. त्या दिवशी मी मारोतीला खरं सांगितलं. त्याने घागर कोपऱ्यात सरकवली. मग म्हणाला, बापाला हे सांगायला नको, त्याला तुमचा लय भरवसा हाय.