शेजारणीचा देवदूत

आमच्या यॉर्कशरमधल्या गावात जुन्या मठाच्या आता दोन कमानी आणि धान्याचं कोठार तेवढं उरलंय. राजाने मठ बंद केला तेव्हा बाकीचे दगड आमच्याच पूर्वजांनी ढापले नि घरं बांधली. माझ्या हेस्टर आत्याची शेजारीण मॉड हिच्या चुलीजवळच्या भिंतीत तर मठातला कोरीव देवदूत होता. पाहुणे मठ बघायला यायचे आणि देवदूत बघत मॉडकडे चहा प्यायचे. तिच्या केकचा वास आला की आत्या धाडकन खिडकी लावून घ्यायची.

"तिच्याकडे देवदूत, नि आमच्या नशिबी नुसते धोंडे!"

मग कुणीतरी आत्याला सांगितलं, की जुने गवंडी असल्या दगडांची नक्षी आत दडवायचे आणि सपाट पाठ बाहेर ठेवायचे. झालं! आत्याने पहार घेतली आणि स्वयंपाकघरातला एक सैल दगड उचकटला. उलटा करून बघते तर काय, गोबऱ्या गालांचा देवदूत!

"सापडला गं बाई! मॉडच्यापेक्षा देखणा आहे मेला!"

तेवढ्यात भिंतीच्या भोकातून मॉड डोकावली. दोघींच्या घरांमध्ये भिंत एकच होती.

"हेस्टर, माझा देवदूत दे इकडे."

आत्याने दगड छातीशी घट्ट धरला.

"देते की. पण आता बसवताना तोंड माझ्याकडे करायचं. जन्मभर त्याची पाठ बघत पाव भाजलेत मी!"