पत्रिकेतल्या नावाने आलेली हाक

या सदरातले अनुभव मी इतकी वर्षं वाचत आले ते चुका काढायला. कुणाला विहिरीजवळ पांढरी बाई दिसली की माझा पहिला प्रश्न — चष्म्याचा नंबर किती? माझा नवरा म्हणतो, तुझ्यापुढे देव उभा राहिला तरी तू आधी त्याचं ओळखपत्र मागशील. मागेनच. त्यामुळे आज हे लिहिताना माझी मलाच लाज वाटते आहे... पण आठ महिने डोकं खाजवूनही उत्तर सापडलेलं नाही. तुमच्यापैकी कुणाला यातली पळवाट दिसली तर जरूर कळवा. मला ती खरंच हवी आहे.

मी मेधा. माहेर साताऱ्याचं, आणि लग्न होऊन म्हैसूरला आले त्याला एकोणीस वर्षं झाली. इथल्या एका पीयू कॉलेजात, म्हणजे आपल्याकडच्या अकरावी-बारावीला, मी फिजिक्स शिकवते. परीक्षा आल्या की भरारी पथकावर माझं नाव असतंच. कॉपी कुठे लपवतात हे मला पोरांपेक्षा जास्त माहीत आहे.

सासर इथलं जुनं मराठी घर, पाच-सहा पिढ्यांपासूनचं. शहरातल्या चामराजपुरम भागात साधं चार खोल्यांचं घर आहे. स्वयंपाकघराला लागून देवघर, आणि देवघराला लागून माधवकाकांची खोली. काका म्हणजे माझ्या नवऱ्याचे, शरदचे, सख्खे काका. वय एक्क्याऐंशी, लग्न केलेलं नाही. देवघरात देवीचा चांदीचा टाक आहे, अंगठ्याएवढा, झिजून नाक-डोळे गेलेला. त्याच्यापुढे काका बावन्न वर्षं रोज पहाटे दिवा लावत आले.

या घरात एक विचित्र नेम आहे. टाकाची सेवा कुणी कुणावर सोपवायची नाही. आधीच्याने विचारायचं नाही, सुचवायचं नाही, नुसतं डोळ्यांनीसुद्धा नाही. देवी स्वतः घरातल्या कुणाला तरी हाक मारते, आणि तो आपणहून येऊन सांगतो. हाक आलीच नाही आणि आधीच्याचे हात थकले, तर टाक टी. नरसीपूरच्या संगमावर नेऊन कावेरीत सोडायचा. मला हे ऐकून हसू यायचं. आजच्या काळात लोकांना शेजारच्या खोलीतून मारलेली हाक ऐकू येत नाही, फोन करावा लागतो!

गेल्या वर्षी काकांचे हात थरथरायला लागले. एकदा निरांजनाने धोतराचा सोगा पेटला. मग मीच पुढाकार घेतला. काकांशी बोलले, रविवार ठरवला, संगमावर जायला गाडीही मीच सांगितली. काका एवढंच म्हणाले, "होगली बिडू." म्हणजे, जाऊ दे. आणि देवघरात जाऊन बसले. मला वाईट वाटलं, पण खरं सांगते, सुटल्यासारखंही वाटलं.

त्याच आठवड्यातला सोमवार. जिल्हाभर सराव परीक्षा चालू होत्या. दुसरा मजला, खोली नंबर चौदा, सकाळचे अकरा वाजून दहा मिनिटं. मी खिडकीकडे पाठ करून उभी होते. आणि डाव्या बाजूने, अगदी हाताच्या अंतरावरून कुणीतरी हाक मारली —

"ठमा..."

आता हे नाव काय ते सांगते. माझा जन्म हस्त नक्षत्राच्या चौथ्या चरणावर झाला, अक्षर आलं ठ. जोशांनी पत्रिकेत नावरस नाव लिहिलं ठमा. माझ्या आईला ते इतकं नावडलं की तिने ते पुन्हा तोंडातून काढलं नाही. मी स्वतः ते कुणाला सांगितलेलं नाही, शरदलाही नाही, नाहीतर आयुष्यभर चिडवलं असतं. आई-वडील आता नाहीत. ते जोशीही गेले.

भुताचा विचार माझ्या मनात आलाही नाही. माझ्या मनात आलं — पोरांनी स्पीकर आणलाय. सगळा वर्ग उभा केला, बाकं, पेट्या, बूट, सगळं तपासलं. दोन चिठ्ठ्या सापडल्या, स्पीकर नाही. पोरं एकमेकांकडे बघत होती, कारण त्यांनी काहीच ऐकलं नव्हतं.

बुधवारी पथकाची ड्यूटी कृष्णराजनगरला होती. येताना भाताच्या शेताजवळ ड्रायव्हरने पाणी पिण्यासाठी गाडी थांबवली. इंजिन बंद. बरोबर दोन सहकारी. दुपारचं ऊन, चिटपाखरू नाही. मी खाली उतरून उभी होते... आणि पुन्हा तशीच, डावीकडून, "ठमा." आवाज बाईचा की पुरुषाचा, मला आजही सांगता येत नाही. रागाचा नव्हता, लाडाचाही नव्हता. घरात काम सांगायला हाक मारतात, तसा. मी गर्रकन वळले. बांध, पाणी, आणि एक बगळा. सहकाऱ्यांना विचारलं, तर ते म्हणाले, मॅडम, ऊन लागलंय, गाडीत बसा.

घरी येताना माझं डोकं पथकासारखं चालायला लागलं. ज्याला फायदा, त्याच्यावर संशय. हे नाव आणखी कुठे आहे? पत्रिकेत. पत्रिका कुणी बघितली? लग्न ठरताना साताऱ्याहून पत्रिकेची प्रत म्हैसूरला गेली होती, आणि गुण जुळवले होते माधवकाकांनी! टाक नदीत जाऊ नये असं कुणाला वाटत होतं? त्यांनाच. कसं केलं ते नंतर शोधू, पण केलं यांनीच.

संध्याकाळी मी त्यांच्या खोलीत गेले. ते कॉफी पीत होते. मी सरळ विचारलं, "काका, माझी पत्रिका कुठे आहे?"

"असेल की पेटीत. कशाला गं?"

"त्यातलं माझं नाव तुम्ही कुणाला सांगितलंत?"

"कुठलं नाव?"

"ठमा. त्या नावाने मला कुणीतरी हाका मारतंय. परवा वर्गात, आज रस्त्यात."

मला वाटलं होतं ते गडबडतील. निदान खूश तरी होतील. पण काकांचा चेहरा उतरला. कॉफीचा पेला खाली ठेवला आणि माझ्याकडे असं बघितलं, जसं मी कॉपी करणाऱ्या पोराकडे बघते.

"सुम्ने काहीतरी सांगू नको," ते म्हणाले. उगाच काहीतरी बोलू नको, असं. "कोण शिकवलं तुला हे? शरद?"

"मला कोण शिकवणार?"

"एष्टु सल? किती वेळा आली हाक?"

"दोनदा."

"कुठल्या बाजूनं?"

"डाव्या."

"आवाज कसला?"

मी सांगितलं. काम सांगायला मारतात तसा. आयुष्यभर मी तोंडी परीक्षा घेतल्या, त्या दिवशी मी परीक्षार्थी होते आणि परीक्षक माझ्यावर विश्वास ठेवायला तयार नव्हता.

"शरदला येईल म्हणून वाट बघत होतो मी," ते शेवटी म्हणाले. "अकरा वर्षं. रोज सकाळी तो खोलीत डोकावला की वाटायचं, आज सांगतो बघ. तू तर सून. त्यात देव मानत नाहीस, अल्वा?"

नाही का, असं विचारत होते. मी म्हटलं, "नाहीच मानत."

"मला पण पत्रिकेतल्या नावानंच आली होती. कुणाला सांगितलो नाही आजपर्यंत." मग एकदम मान वर करून, "ओ दिलीस?"

"नाही."

"मग झालं तर. ओ नाही दिली की जाते ती. रविवारी आपण जाऊन येऊ."

मी उठले. त्यांनी मला थांबवलं नाही. त्यांचं हे नाटक असेल तर माझ्याइतका मूर्ख कोणी नाही, आणि नाटक नसेल तर... पुढे विचार करायला मला भीती वाटली.

पण संशय म्हणजे संशय. गुरुवारपासून मी फोनचं रेकॉर्डिंग चालू ठेवलं. कॉलेजात, रिक्षात, भाजी घेताना, सगळीकडे. ठरवलं होतं — हाक आली तर ती पकडायची, आणि ओ मात्र काही झालं तरी द्यायची नाही.

शुक्रवार, दुपारचे पावणेचार. मी प्रयोगशाळेत एकटी होते. प्रॅक्टिकलसाठी ट्यूनिंग फोर्क मोजून पेटीत लावत होते. दार लावलेलं, फोन टेबलावर, रेकॉर्डिंग चालू. आणि आली. "ठमा." या वेळी आणखी जवळून.

मी तोंडावर हात दाबून धरला. उजवा हात, इतका घट्ट की तळव्यावर दात उमटले. डोळे मिटून शंभर आकडे मोजले. मग फोन उचलला आणि रेकॉर्डिंग ऐकलं.

पंख्याचा आवाज. फोर्कची किणकिण. माझ्या चपला. मग सगळं शांत. हाक नव्हतीच. मला हायसं वाटलं, म्हणजे भास होता, डॉक्टरांकडे जाऊ, विषय संपला. तेवढ्यात फोनमधून स्वच्छ आवाज आला —

"ओ... आले."

माझा. माझाच आवाज. दाबलेला नाही, हाताआडून आलेला नाही. चांगला मोकळा, जसा आतल्या खोलीतून आईला द्यायचे तसा. त्यानंतर पंखा, आणि मी नाकाने घेतलेले मोठे मोठे श्वास.

मी ते अकरा वेळा ऐकलं. नकळत तोंडातून शब्द जातो हे मला मान्य आहे, मी फिजिक्सवाली आहे. पण दातांचे वण माझ्या तळव्यावर होते. तोंड बंद होतं हे मला माहीत होतं. इतकी वर्षं लोकांना रंगेहाथ पकडलं, त्या दिवशी मी स्वतःच सापडले. तिथेच स्टुलावर बसून मी रडले. का ते विचारू नका. त्या आवाजात जी तत्परता होती, ती मी कित्येक वर्षांत कुणासाठी दाखवली नव्हती.

रात्रीच्या जेवणानंतर शरदला ऐकवलं. तो म्हणाला, "तुझाच आवाज आहे." थोड्या वेळाने म्हणाला, "मला नाही आली हाक. याचं बरं वाटून घेऊ की वाईट?" काकांना मात्र मी काही सांगितलं नाही. सांगितलं की अडकले, हे मला कळत होतं.

रविवारी सकाळी गाडी आली. संगमावर गर्दी नव्हती, चार-दोन माणसं आंघोळ करत होती. काका गुडघाभर पाण्यात उतरले. शरदने त्यांचा दंड धरला होता. तळहातावर लाल फडक्यात टाक. हात इतका थरथरत होता की फडक्याचं टोक पाण्यात बुडून वर येत होतं. त्यांनी आमच्याकडे पाठ केली होती, मुद्दाम. नेमाप्रमाणे नजरेनेही विचारायचं नव्हतं.

मी पायरीवर उभी राहून वाट बघत होते. हाक आता येईल. यायला हवी! आत्ता नाही तर कधी? त्या आंघोळ करणाऱ्या माणसांवरसुद्धा मी लक्ष ठेवून होते. काही आलं नाही. पाण्याचा आवाज, कावळे, शरदचा खोकला. काकांनी हात खाली नेला. पाणी फडक्याला लागलं. बावन्न वर्षं माझ्या डोळ्यांदेखत पाण्यात चालली होती, आणि गाडी मी सांगितली होती.

"ओ," मी म्हणाले.

काकांचा हात थांबला. वळले नाहीत. "कोण?"

"मी... ठमा."

"आत्ता मारली हाक?" अजूनही संशयच.

"आत्ता नाही. शुक्रवारी. ओ तेव्हाच गेली होती माझ्याकडून. सांगायला आज आले."

मग ते वळले. गाल ओले होते. शरदला म्हणाले, "हात धर, वर चढव मला. दुपारचा नैवेद्य राहिलाय."

तेव्हापासून दिवा मी लावते. काका मागे खुर्चीवर बसून चुका काढतात, वात जाड झाली, तेल कमी पडलं. मला मंत्र येत नाहीत. देव आहे का, हेही मला अजून माहीत नाही. रेकॉर्डिंग फोनमध्ये आहे. दोन तज्ज्ञ मित्रांना ऐकवलं. दोघंही म्हणाले, आवाज तुझा, फाईलमध्ये काही केलेलं दिसत नाही. काकांची पेटीही मी एकदा गुपचूप तपासली. माझी पत्रिका तळाशी होती, लग्नाच्या वेळच्याच पाकिटात, वर धुळीचा थर.

आणि हाक? ती आठ महिन्यांत एकदाही आली नाही. गेल्या आठवड्यात मी चिडून काकांना म्हटलं, "एकदा बोलावून घेतलं, आता एक शब्द नाही. ही काय पद्धत झाली?"

"मला पण नाही मारली परत," काका म्हणाले.

"बावन्न वर्षांत?"

"एकदा पण नाही."

"मग रोज पहाटे उठून कशाला बसत होतात?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं, फार साधा प्रश्न विचारल्यासारखं.

"ओ दिली होती की गं."

मला यातलं काही पटत नाही, आणि याचा खुलासाही माझ्याकडे नाही. सकाळी दिवा लावून झाला की मी दोन मिनिटं तिथेच उभी राहते, डावा कान जरासा टाकाकडे करून. मग कॉलेजला जाते.