एकोणीस अंश

लो बाई गेल्या त्या दिवशी मलेशियातल्या त्यांच्या शाळेतल्या जुन्या शिक्षकांनी फोनवरच्या गटात भराभर लिहिलं. कुणी लिहिलं, रसायनशास्त्राची आई गेली. कुणी लिहिलं, अख्ख्या पेराक राज्यात अशी विभागप्रमुख पुन्हा होणे नाही. सन्नासीने ते सगळं दोनदा वाचलं आणि फोन पालथा ठेवला. दहा वर्षं एका प्रयोगशाळेत काढली, पण बाईंविषयी त्याला काय माहीत होतं? बिनसाखरेची काळी कॉफी घेतात. टेबलाखाली चपला काढून बसतात. घरी म्हातारी आई आहे, ती हाक्का या चिनी बोलीशिवाय दुसरं काही बोलत नाही. एवढंच. लग्न का केलं नाही, रविवारी काय करतात, हे त्याने कधी विचारलं नाही आणि त्या आपणहून सांगणाऱ्यातल्या नव्हत्या. त्यामुळे त्यांच्याबद्दल मनात साचलेली शिसारी नेमकी त्यांचीच होती, की तिच्यात आपलीही भर होती, हे त्याला धड सांगता आलं नसतं. पण शिसारी होती.

सन्नासी या शाळेत आला तो रस्तेबांधणी खात्याच्या गोदामातून. डांबराची पिंपं सांभाळणाऱ्या माणसाला बदलीत प्रयोगशाळा सहाय्यक करून टाकलेलं. ऍसिड कुठलं, कॉस्टिक सोडा कुठला, हे तो बाटलीवरच्या चिठ्ठीवरूनच ओळखायचा, आणि चिठ्ठी ओली होऊन पुसली की ती बाटली कपाटात मागे सरकवायचा. त्याच वर्षी लो बाईंकडे रसायन विभाग आला. तेव्हा या विषयाचा निकाल जिल्ह्यात शेवटून तिसरा होता. विभागप्रमुख व्हायला कुणी तयार नव्हतं म्हणून ते पद त्यांच्या गळ्यात पडलं, असं शिपाई सांगायचे.

बाईंनी आल्या आल्या प्रयोगशाळेची कुलपं काढायला लावली. आठवड्याला दोन प्रयोग. काच फुटली तर फुटली, पण मुलगा हात बांधून उभा राहता कामा नये. सन्नासीची पाठ मोडून यायची. रोज साठ-सत्तर नळ्या घासताना तो मनातल्या मनात बाईंना तमिळमधल्या निवडक शिव्या द्यायचा.

पहिल्याच महिन्यात त्याने घोळ घातला. ऍसिड आणि कॉस्टिक एकत्र करून तापमान किती वाढतं ते पाहायचं, असा प्रयोग सोमवारी होता. सन्नासीने शुक्रवारीच दोन्ही द्रावणं तयार केली, आणि दोन दिवसांत नासतील या भीतीने बाटल्या शिक्षकांच्या खोलीतल्या फ्रिजमध्ये ठेवल्या. दुधाच्या डब्याशेजारी. सोमवारी शिक्षकांच्या खोलीत एकच गोंधळ उडाला. गणिताच्या बाई म्हणाल्या, आमच्या नावाने विमा उतरवलाय का कुणी? सन्नासी कपाटामागे उभा राहून नोकरी जायची वाट बघत होता. लो बाई आल्या, त्यांनी बाटलीला हात लावून पाहिला, आणि हसल्या. त्यांचे दात त्याने पहिल्यांदा पाहिले ते त्या दिवशी.

"सरबत करायचं होतं का सन्नासी?" एवढंच म्हणाल्या आणि बाटल्या तशाच वर्गात घेऊन गेल्या.

पुस्तकात लिहिलं होतं की द्रावणाचं सुरुवातीचं तापमान खोलीइतकं असेल. खोलीत थर्मामीटर तीसला टेकलेला. द्रावणात तो एकोणिसावर थांबला. पुढच्या बाकावरची एक मुलगी गोंधळून विचारू लागली, चेगू, काय लिहू? शिक्षकाला सगळे चेगूच म्हणत. बाई म्हणाल्या, "जे दिसतं तेच लिही."

तिने लिहिलं. एकोणीस. मिसळल्यावर साडेपंचवीस. तिचं अक्षर मोत्यासारखं होतं.

त्या वाक्यासाठी सन्नासीने बाईंना पुढची कित्येक वर्षं बऱ्याच गोष्टी माफ केल्या.

दोन वर्षांनी त्या तुकडीचा निकाल लागला आणि शाळा हादरली. तिथे विषयाच्या सरासरीचा आकडा जितका लहान तितकं यश मोठं. रसायनचा आकडा चारच्या वरून एकदम दोनच्या खाली आला होता. फाटकावर बाईंच्या फोटोचा फलक लागला. दुसऱ्या शाळांतले शिक्षक गाड्या भरून बघायला येऊ लागले. बाईंनी त्यांना दाखवायला त्या मोत्यासारख्या अक्षराच्या मुलीची फाईल ठेवून घेतली. नमुना म्हणून. मांडणी कशी असावी, तक्ता कसा आखावा, एवढंच बघायला.

मग आकडा सांभाळायची पाळी आली. सन्नासीच्या समजुतीप्रमाणे बिघडलं ते तिथेच, पण तो काही शिकलेला माणूस नव्हे. एक पूर्णांक एक्क्याण्णवचं पुढच्या वर्षी एक पूर्णांक ब्याण्णव झालं, तर मुख्याध्यापक हाजी बख्तियार सभेत विचारायचे, चेगू लो, यंदा तब्येत बरी नव्हती का? सगळे हसायचे. बाईही हसायच्या, दात न दाखवता. प्रयोगात वेळ जातो म्हणून आठवड्याला दोनाचा एक झाला, मग महिन्याला एक, मग पाहुणे येतील तेव्हा. मोकळ्या झालेल्या तासांत मुलं उत्तरांचे साचे पाठ करायची. कुठल्या प्रश्नाला कुठले दोन शब्द लिहिले की दोन गुण, याची हिरवी पुस्तिका होती. पांढरे कोट इस्त्री करून कपाटात टांगलेले असायचे आणि फोटोच्या दिवशी निघायचे.

पण प्रात्यक्षिकाचे गुण परीक्षेत धरत, म्हणून फाईल मात्र प्रत्येकाची हवी. मग नमुना फाईल वर्गात फिरायची. मुलं तक्ता उतरवायची, तक्त्यासकट आकडेही उतरवायची. पुढची सात वर्षं त्या शाळेतल्या प्रत्येक मुलामुलीने लिहिलं, द्रावणाचं तापमान एकोणीस अंश. त्या गावात नळाचं पाणी पहाटेसुद्धा एकोणीस अंश नसतं. सन्नासीची फ्रिजमधली चूक दर वर्षी सव्वाशे-दीडशे हातांनी गिरवली जात होती, आणि तिला पैकीच्या पैकी गुण मिळत होते.

न झालेल्या प्रयोगांची द्रव्यं बाटल्यांत तशीच उरायची. नोंदवहीत मात्र ती वापरली असं दिसायला हवं. म्हणून तपासणीच्या आधी सन्नासी ती मोरीत ओतायचा. ऍसिड एकटं ओतलं तर मोरीचा पाइप खाऊन टाकील, म्हणून आधी बादलीत कॉस्टिकबरोबर मिसळायचा. बादली गरम व्हायची. बाहेरून हात लावला की कळायचं. पोरांनी न केलेला प्रयोग दर वर्षी तो एकटाच मोरीपाशी बसून करायचा.

असाच एकदा तो बसला असताना अझुरा नावाची मुलगी आली. शेवटच्या वर्षातली, रबराच्या मळ्यातून सायकलने येणारी. तिला तिची विसरलेली कंपासपेटी हवी होती. बादली वाटेत होती म्हणून तिने ती सरकवली आणि हात झटकन मागे घेतला.

"अंकल, ही गरम कशाने झाली?"

सन्नासीला हसावं की रडावं कळेना. याच प्रयोगावर तिने चार दिवसांपूर्वी चार पानं लिहून दिली होती. उष्णता का निर्माण होते त्याचं कारणही लिहिलं होतं, बिनचूक. त्याने तिला सांगितलं की तू लिहिलंस तेच हे. तिला पटेना. मग त्याने दोन बाटल्या बाजूला काढल्या, एक प्लास्टिकचा पेला दिला आणि थर्मामीटर दिला. पोरीने तीन वेळा करून पाहिलं. एकोणतीस. मिसळल्यावर साडेपस्तीस. तिसऱ्या वेळी तिने थर्मामीटर त्याच्या नाकाशी धरला, जणू त्यानेच तो घडवला होता. मग गठ्ठ्यातून आपली फाईल काढून तिथेच बसून तिने ते पान नव्याने लिहिलं.

दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, बाई प्रयोगशाळेत फायली चाळत बसल्या होत्या. गुरुवारी राज्याच्या राजधानीतून, इपोहून, शिक्षण खात्याचे अधिकारी येणार होते. विभाग राज्यात आदर्श ठरायचा होता, आणि तो ठरला की बाईंना इपोच्या कार्यालयात वरची जागा. हे सगळ्यांना ठाऊक होतं. अझुराला बोलावून घेतलेलं. सन्नासी मोरीशी.

"हे एकोणतीस कुठून आणलंस?"

"थर्मामीटरवर होतं, चेगू."

"कुठल्या थर्मामीटरवर?"

पोरीने सन्नासीकडे पाहिलं. सन्नासीने नळ आणखी मोठा सोडला. त्याच्या निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. नुसतं 'मी दिला' म्हणायला किती वेळ लागला असता? पण नळाचा आवाज मोठा होता आणि तो त्या आवाजाच्या आड उभा राहिला.

बाईंना कळायचं ते कळलं. त्या रागावल्या नाहीत. "अझुरा, एकशे छत्तीस जणांचं एकोणीस, आणि तुझं एकोणतीस. बघणाऱ्याला चूक कुणाची वाटेल?"

"पण चेगू, एकोणीस असेलच कसं? इथं तर..."

"गुण थर्मामीटर देत नाही, बाळ." बाईंनी ते पान काढून बाजूला ठेवलं. "सन्नासी, हिला कोरे कागद द्या."

त्याने दिले. वर पट्टीही दिली, तक्ता आखायला. पोरगी खाली मान घालून लिहू लागली. उठताना म्हणाली, थँक यू अंकल. तेवढं तिने म्हटलं नसतं तर बरं झालं असतं. 

गुरुवारी अधिकारी आले. बारीक मिशा, खिशाला तीन पेनं. पांढरे कोट घातलेल्या मुलांनी रंगीत पाणी या पेल्यातून त्या पेल्यात ओतून दाखवलं. अधिकाऱ्यांनी पाच-सहा फायली उघडल्या. एकोणीस. एकोणीस. एकोणीस. सन्नासी चहाचा ट्रे घेऊन उभा होता आणि त्याला वाटलं, आता विचारतील. हा माणूस इपोचा आहे, तिथेही उकडतं. आता विचारतील, हे एकोणीस कुठलं.

"काय शिस्त आहे," अधिकारी हाजी बख्तियारना म्हणाले. "एका फाईलपासून दुसरीपर्यंत आकडासुद्धा हललेला नाही."

हाजी बख्तियार खुशीत हसले. साहेबाला तिथे तुआन म्हणत. म्हणाले, तुआन, आमच्या चेगूंपुढे ऍसिडसुद्धा हलत नाही. मग अधिकाऱ्यांची नजर सन्नासीवर गेली. मोठ्या माणसांना अशा वेळी लहान माणसाशी दोन शब्द बोलायचे असतात.

"काय अंकल, मुलं आवडीने करतात ना प्रयोग?"

बाई त्याच्याकडे बघत होत्या. तोंड शांत होतं. पण त्यांचा उजवा पाय चपलेतून अर्धा बाहेर आला होता, तेवढं त्याने पाहिलं.

"करतात, तुआन," सन्नासी म्हणाला.

बस. एवढंच त्याचं या सगळ्यातलं काम होतं, आणि ते त्याने चोख केलं.

नंतर प्रयोगशाळेतच खाणं मांडलं. नवीन लागलेल्या चेगू फौझियाने घाईघाईत टेबलावर रद्दीचे कागद पसरले, वर करीपापच्या, म्हणजे बटाट्याच्या तिखट करंज्यांच्या, आणि केळीच्या पानातल्या भाताच्या थाळ्या ठेवल्या. सगळे उभ्याने खात होते, बोटं चाटत होते, बाईंचं अभिनंदन करत होते. सन्नासी रिकाम्या थाळ्या उचलायला गेला तेव्हा एका थाळीच्या कडेशी त्याला गोल, थोडं डावीकडे झुकलेलं अक्षर दिसलं. तेलाने कागद पारदर्शक झाला होता. एकोणतीस. खाली साडेपस्तीस. त्याच्यावर करीपापचा चुरा, आणि कुणीतरी थुंकलेला मिरचीचा देठ.

बाई समोरच होत्या. त्यांनी त्याची नजर कुठे अडकली ते पाहिलं, आणि हात पुढे करून थाळी उचलली. कागदाकडे पाहिलं. बराच वेळ, म्हणजे माणूस दोन आकडे वाचायला घेतो त्यापेक्षा बराच. सन्नासीला वाटलं, आता घडी घालून खिशात ठेवतील. निदान चुरगाळून टाकतील. तेही चाललं असतं.

बाईंनी थाळी होती तिथेच परत ठेवली, नीट, कागद झाकला जाईल अशी. तिच्यातलं एक करीपाप उचललं आणि खाल्लं.

सन्नासी मागच्या दाराने बाहेर गेला आणि गटाराशी ओकला. पोटात तर सकाळच्या चहाखेरीज काही नव्हतं.

विभाग आदर्श ठरला. अझुराला त्या विषयात सगळ्यांत वरची श्रेणी मिळाली. पुढे तिने काय केलं हे त्याला माहीत नाही. त्यानंतर त्याने बाईंशी कामापुरतंही बोलणं टाळलं. बाईंनीही कधी ओढून बोलायचा प्रयत्न केला नाही. पुष्कळदा त्याला वाटायचं, सरळ विचारावं, तो फ्रिजचा दिवस आठवतो का? जे दिसतं तेच लिही, असं कोण म्हणालं होतं? पण विचारणाऱ्याने स्वतः नळ मोठा सोडलेला असला की विचारायला तोंड उरत नाही.

जानेवारीत बाईंची इपोला बदली झाली. शेवटच्या दिवशी निरोपाचा कार्यक्रम वगैरे झाला. दुपारी त्या एकट्याच खोके घेऊन निघाल्या, आणि वाटेत प्रयोगशाळेच्या दारात थांबल्या. आत आल्या नाहीत. सन्नासी नळ्या पुसत होता. पाहुण्यांसाठी मांडायच्या, कुणी न वापरलेल्या नळ्या, तरी धूळ बसते. बाईंनी एकदा मोरीकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे. काहीतरी बोलणार होत्या असं त्याला वाटलं. त्याच्या वाटण्याला अर्थ किती, ते वेगळं.

"सन्नासी, फ्रिजमध्ये माझं काही राहिलंय का?"

"दुधाचा डबा आहे, चेगू. उघडलेला."

"नासलं असेल. टाकून द्या."

"बरं, चेगू."