तारेतले दोन शब्द

"तार म्हंजे मयत, रं," असं म्हणत तो प्रत्येक तारेच्या सुरुवातीलाच दोन शब्द घालायचा: 'जिवंत आहे.'

लढाईच्या दिवसांत लष्करी इस्पितळात आम्ही दोघे कारकून एका टेबलावर होतो. मी रोह्याचा, तो पेणजवळच्या मिठागरावरचा. जखमी जवानाची प्रकृती गंभीर झाली की घरी तार जायची. नियम तेवढाच. हे दोन शब्द त्याचे.

"आमच्या चुलतीनं तार वाचायच्या आधीच बांगड्या फोडल्या. चुलता मुंबईस्नं येतोय, एवढंच लिवलेलं! आला, नि तिला बघून तोच रडाया लागला," तो सांगायचा.

तुम्हीही कचेऱ्यांत असा एखादा पाहिला असेल. जखमीला तो आधी गाव विचारायचा, मग नंबर. पंजाबच्या जवानालासुद्धा विचारलं होतं, तुमच्याकडं मीठ कुठनं येतं?

एका सकाळी त्याने लिहिलेली एक तार पाठवायची राहिली होती. तो जवान गेल्याचा निरोप वॉर्डातून माझ्याकडे आला. मी 'बरं' म्हणालो, चहाला गेलो, आणि परत येऊन गठ्ठ्याबरोबर तीही तार पाठवून दिली.

काही दिवसांनी म्हातारा बाप आला. हातात लाडवांचा डबा. "कुठल्या वॉर्डात आहे?" त्याने आमच्याच टेबलाशी विचारलं.

चौकशी झाली. तारेतलं अक्षर माझ्या जोडीदाराचं, शब्द त्याचे. निरोप कुणी घेतला होता ते त्याला ठाऊक होतं. साहेबांसमोर त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं. मी पेनात शाई भरत राहिलो.

त्याची हवालदारकीची फीत गेली. "फितीचं काय घेऊन बसलास?" तो म्हणाला. "दोन शब्द बंद केले ना साहेबांनी."

पुढे तो पेणच्या रामवाडीत राहिला. गोष्ट गावापर्यंत पोचलीच होती. नाक्यावर कुणीतरी हटकायचं, "काय हवालदार, आज किती मढी उठवली?" तो हसायचा. एकदा मी बरोबर होतो. मीही हसलो.

गेल्या महिन्यात तो वारला. तेराव्याला पंगत बसली होती. जेवणाऱ्यांसमोर उभा राहून मी सांगितलं, निरोप माझ्याकडे आला होता, चूक माझी होती.

त्याची बायको आतल्या दारात बसली होती. "मला ठाव हाय, भावजी. लगीन झाल्यावर लगेच सांगितलं व्हतं त्यांनी." मग म्हणाली, "पन लोकांसमोर तुमी बोलाल म्हनून वाट बघायचे. दर दिवाळीला इचारायचे, रोह्याचा आला काय गो?"

दर दिवाळीला मी फोन करायचो. तब्येत विचारायचो, आणि ठेवून द्यायचो.