खंडेनवमीला पुजलेला ग्लव्ह

अजमानला आम्ही एका फ्लॅटच्या अर्ध्या हॉलमध्ये राहायचो. मध्ये प्लायवूडची भिंत, पलीकडे रत्नागिरीचं एक कुटुंब. स्वयंपाकघर पाळीने वापरायचं. आपल्या पाळीआधी भूक लागली तर पाणी प्यायचं. बाबा दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कातल्या कारखान्यात मशीनवर होते. घरी यायचे तेव्हा बोलायचंही त्राण त्यांच्यात नसायचं. आईबाबांपैकी कुणी दहावीच्या पुढे गेलं नव्हतं.

बेसबॉल माझ्या वाट्याला आला तो उंचीमुळे आणि डाव्या हातामुळे. डाव्या हाताने जेवते म्हणून आईची खूप बोलणी खाल्लेली. शाळेच्या मैदानावर एका क्लबची प्रॅक्टिस चालायची. तिथल्या कोचने मला थेट पहिल्या बेसवर उभं केलं; तिथे उंच आणि डावखुरं कुणी असलं तर बरं पडतं. काम सांगायला सोपं आहे. एक पाय बेसला टेकलेला ठेवायचा आणि बाकीचं शरीर चेंडूकडे ताणायचं. कुणीही कसाही फेको, धरायचा आपण. मी धरायचे. उगाच नम्रपणा कशाला, माझ्याइतकं चांगलं कुणी धरत नव्हतं. त्या खेळावरच मला कॉलेजात फी माफ झाली आणि मी पदवीधर झाले.

पहिला ग्लव्ह कोचने दिलेला, जुनाच. पहिली फायनल जिंकलो त्या चेंडूवर सगळ्या मुलींच्या सह्या होत्या. दोन्ही आईच्या ताब्यात, देव्हाऱ्याखालच्या कप्प्यात.

मग एका मॅचमध्ये ताणताना गुडघा गेला. ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, "चालाल, जिने चढाल. खेळणं खलास." तोवर आम्ही अल नहदाच्या वेगळ्या फ्लॅटमध्ये आलो होतो. मी दिवसभर खिडकीत बसून खालचा ट्रॅफिक बघायचे. इथे व्हिसा संपला की माणूस जातो, टीम बदलते, कोचही गेले. मी खेळत होते हे कुणाला आठवणार, एवढं एकच डोक्यात फिरायचं.

अशात क्लबने जुन्या वस्तूंसाठी काचेचं कपाट करायचं ठरवलं आणि माझा ग्लव्ह आणि चेंडू मागितला. त्या दिवशी मी बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवले.

कप्पा उघडला तर ग्लव्ह पिवळा आणि तेलकट. चेंडूवर कुंकवाची बोटं, आणि शाई पसरून सगळ्या सह्यांचा चिखल झालेला.

"आई, हे काय केलंस?"

"काय केलं? खंडेनवमीला पुजते दरवर्षी. बाबांचे पाने-पक्कड पुजतो, मग तुझं हत्यार नको? चामडं सुकू नये म्हणून खोबरेलही चोळते."

"अगं, सह्या गेल्या!"

"मग परत घे की."

"कुणाकडून? एक कॅनडात, एक मनिलात, बाकीच्यांचा पत्ताही नाही."

बाबा टीव्हीवरून नजर न काढता म्हणाले, "देव समजून केलंय तिने. ओरडू नकोस."

तरी मी दोन्ही वस्तू क्लबात नेल्या. तिथला सेक्रेटरी, केरळचा, ग्लव्ह नाकाशी धरून हसला. "दीदी, इसमें से तो नारियल चटनी का स्मेल आ रहा है. चमडा खलास. डिस्प्ले में कैसे रखूं?" मीही हसले. गाडीत बसल्यावर मात्र हुंदका आवरेना. घरी येऊन दोन्ही वस्तू परत देव्हाऱ्याखालच्या कप्प्यात ठेवल्या.

कपाटाच्या उद्घाटनाला मी एकटीच गेले. आई नको म्हणाली. पहिल्या बेसच्या खणात माझ्यानंतर आलेल्या मुलीचा ग्लव्ह होता, चकचकीत. मुली त्याच्यासोबत फोटो काढत होत्या. मला त्यांच्यातली एकही ओळखत नव्हती. एकीने तर आपला फोन माझ्या हातात दिला, "आंटी, प्लीज, वन फोटो." मी काढून दिला.

मग सेक्रेटरीने क्लबचा आजवरचा सर्वोत्तम संघ वाचून दाखवला. त्यात पहिल्या बेसवर माझं नाव होतं.